पायांचा माज

निरवांगीचा झुंबर माणूस पारखायचा तो पायांवरून. नवा पाहुणा दारात आला की याची नजर आधी खाली जायची. पोटऱ्या भरलेल्या आणि चाल मोकळी असली तर दोन शब्द बोलायचे, नाहीतर "ह्यो काय कामाचा" असं पुटपुटत तंबाखू मळायला घ्यायची. त्याला तसा हक्कही होता म्हणा. ज्वानीत वीस वर्षं, दिवाळी झाली की दीडशे मेंढरं हाकत तो कोकणात उतरला होता आणि पावसाच्या आत परत घाट चढून आला होता. पुढं शिवाराला पाणी आलं, मेंढरं विकली, दोन एकरांत दोडका आणि वांगी निघायला लागली. पण पाय मेंढक्याचेच राहिले. साठीला टेकला तरी इंदापूरच्या बाजारात पोतं पाठीवर टाकून असा चालायचा की मागून येणाऱ्याला पळावं लागे.

त्याच्या तोंडाचा सगळ्यांत जास्त मार खाल्ला तो जोतीरामनं. जोतीराम म्हणजे बायकोचा, छबूबाईचा, धाकटा भाऊ. राहायला वरकुट्याला. चाळिशीतच त्याचा उजवा गुडघा धरला होता आणि तो ते लपवत नसे. कुणी "कसं काय" विचारलं की गुडघ्यापासूनच सुरुवात करायचा. कधी कळ येते, कुठून कुठं जाते, गार वाऱ्यात काय होतं, सगळं. झुंबरला त्याची शिसारी यायची. मेहुण्याची थट्टा करायला नात्यानंच मोकळीक दिलेली, मग काय. चार माणसं जमली की हा उठायचा, एक हात कमरेवर ठेवायचा, तोंड वाकडं करायचा आणि जोतीरामसारखा लंगडत चार पावलं टाकून दाखवायचा. माणसं हसायची. जोतीरामही हसायचा. छबूबाई तेवढी आत निघून जायची.

"आवो, माजा भाऊ हाय त्यो," एकदा ती म्हणाली.

"म्हनून तर सांगतोय. दुखनं न्हाय त्याला, सवय हाय. कण्हायची."

शहाण्णव सालच्या श्रावणात इंदापूरच्या बाजारात वांग्यांचं पोतं उचलताना झुंबरच्या छातीत कळ आली. घाम सुटला, डावा हात जड पडला. तिथंही त्यानं पोतं आधी खाली नीट ठेवलं आणि मगच बसला. मुलगा दिग्विजय बारामतीजवळ जळोचीला राहायचा, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होता. त्यानं जीप करून बापाला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. हार्टचा झटका होता, पण हलका. पाच दिवस ठेवून घेतलं. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी एक फाईल हातात दिली. रक्तातलं कोलेस्टेरॉल तीनशे अठरा निघालं होतं. त्यासाठी रोज एक गोळी, बाकीच्या दोन वेगळ्या.

दिग्विजयला त्या फाईलचा भलताच अभिमान. येईल त्याला काढून दाखवायचा, आकड्यावर बोट ठेवायचा. "दोनशेच्या आत पायजे. आबांचं तीनशे अठरा हाय." जणू बापानं कुठल्या शर्यतीत नंबर काढलाय.

झुंबरला ते पटलं नव्हतं. "लोणी गिळनारी बारामतीत गादीवर बसली हायेत," तो म्हणाला, "आन चरबी निघाली माज्या रगतात. वा रं तुमची मशीन." दवाखान्याच्या खिडकीतून त्यानं पाच दिवस सकाळची फिरायला जाणारी मंडळी पाहिली होती. हात हलवत, धापा टाकत, एकमेकांशी साखरेच्या आकड्यांच्या गप्पा मारत जाणारी. असल्यांसाठी काढलेली गोळी आपल्याला दिली, याचाच त्याला जास्त राग. पण छबूबाई रोज जेवणानंतर पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायची आणि गोळी गिळल्याशिवाय हलायची नाही.

दिवाळीच्या सुमाराला पाय जड झाले.

आधी त्याला वाटलं, वहाणा खराब झाल्या. इंदापूरला जाऊन नवीन घेतल्या. दोन दिवसांत त्याही नावडत्या झाल्या आणि चांभाराला हात कसा नाही यावर त्यानं बाजारभर व्याख्यान दिलं. मग वाटलं, दवाखान्यात पडून राहिल्यानं अंग बसलं असेल. म्हणून मुद्दाम जास्त चालला, तर दुसऱ्या दिवशी मांड्या अशा ठणकल्या की पांघरूण बाजूला सारायला नको वाटलं. पायांत कुणीतरी ओली वाळू भरून तोंड शिवून टाकावं, तसं. खाली बसलं की उठताना गुडघ्यांवर दोन्ही हात रोवावे लागत. बांधावरून उडी मारणारा माणूस बांध ओलांडायला जागा शोधायला लागला.

आणि सांगणार कुणाला? ज्यानं चाळीस वर्षं दुसऱ्याचं कण्हणं नाटक म्हणून उडवलं, त्यानं आता "पाय दुखतात" हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? झुंबरनं ते तोंड उघडलंच नाही. हातात काठी आली. विचारलं तर, "कुत्री लई झाल्यात." दोडक्याचे वेल बांधायला मजूर लावला. विचारलं तर, "मोकळं बसलं तर त्यांनी तरी खायाचं काय?" जिथं तिथं उभ्यानंच बोलायला लागला, कारण बसलं तर उठताना लोक बघतील.

एका बाजाराच्या दिवशी एसटीची पायरी चढताना पाय वर उचलेचना. दांडी धरून तो तसाच लोंबकळला. मागून कंडक्टरनं कमरेला हात लावून वर ढकललं. "म्हातारबा, सावकाश. घाई न्हाय आपल्याला." झुंबर सबंध वाटेत खिडकीबाहेर बघत राहिला. त्या कंडक्टरच्या पोटऱ्या पेन्सिलीएवढ्या होत्या, हे त्यानं उतरताना बघून घेतलं. त्यानं समाधान मात्र काही झालं नाही.

मार्गशीर्षात बारामतीला तपासणी झाली. डॉक्टर कागद वाचत होते. मान खाली घालूनच म्हणाले, "बाबा, त्रास काही? अंगदुखी, पायदुखी?"

"न्हाय," झुंबर म्हणाला.

"आकडा अजून दोनशे साठ आहे. गोळी डबल करू."

गोळी डबल झाली. पाय चौपट जड झाले. फाल्गुनात पुन्हा गेले, तेव्हा छबूबाई मुद्दाम बरोबर आली. नवरा दुखतंय म्हणत नव्हता, पण बत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला उठताबसता माणसाचा श्वास कळतो. या खेपेला डॉक्टरांना रक्तातली दुसरी कसली चरबी जास्त दिसली.

"त्रास?" डॉक्टरांनी कागदालाच विचारलं.

"पाय दुखत्यात यांचं," छबूबाई म्हणाली. "दिवाळीपासनं. उठवत न्हाय."

डॉक्टरांनी या वेळी मान वर केली. खरंच केली. पेन थांबवलं आणि झुंबरकडं पाहिलं. झुंबरला त्या खोलीत आपल्या मुलासमोर, कंपाउंडरसमोर आणि टेबलावरच्या त्या प्लॅस्टिकच्या हृदयासमोर एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं.

"माजं न्हाय," तो म्हणाला. "हिच्या भावाचं दुखत्यात. हिला सगळीकडं त्येच दिसतंय."

झुंबर हसला, दिग्विजय हसला. डॉक्टरही हसले आणि पुन्हा कागदाकडं वळले. दुसऱ्या चरबीसाठी दुसरी गोळी लिहिली, पहिलीबरोबरच घ्यायची. छबूबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि चिठ्ठी पिशवीत घातली.

तीन आठवड्यांनी, पाडवा चार दिवसांवर असताना, जोतीराम बहिणीकडं हरभऱ्याचं पोतं घेऊन आला आणि मुक्कामाला राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबर टमरेल घेऊन ओढ्याकडं गेला. बराच वेळ झाला तरी परतला नाही. छबूबाईनं भावाला सांगितलं, "जरा बघ जा. मी गेले तर चिडत्याल."

झुंबर ओढ्याच्या काठाला बसलेला होता. बसलेलाच होता. उठायचा चार-पाचदा प्रयत्न करून झाला होता. पाय आपले नव्हतेच, ऐकत नव्हते. शेवटी शेजारच्या बाभळीचं रोपटं धरलं, तर तळहातात काटे मोडले आणि तो मागं मातीत बसला. धोतर कसंबसं सावरलं. तेवढ्यात खोकल्याचा आवाज आला. जोतीराम लांबूनच खोकत येत होता, माणसाला माणसानं द्यायची तेवढी सवड देत. झुंबरनं डोळे मिटून घेतले. सबंध गावात यायचा तो हाच यायचा होता.

जोतीराम जवळ आला, तोंड दुसरीकडं फिरवलं आणि हात पुढं केला. "धरा, दाजी."

झुंबरनं हात धरला. जोतीरामनं ओढलं, तशी त्याच्या गुडघ्यात कळ आली आणि दोघंही पडायला आले. दुसऱ्यांदा जोतीरामनं डावा पाय रोवला, बगलेत हात घातला आणि हा डोंगर उभा केला.

"कवापासनं?" जोतीरामनं विचारलं.

"दिवाळी."

"आन कुनाला सांगितलं?"

"कुनाला सांगू? तुला?"

चार पावलं गेल्यावर झुंबर आपणहून म्हणाला, "लघवी बी काल धरनं काळी व्हतीया. कोऱ्या चहावानी. ऊन लागलं आसंल."

जोतीराम थांबला. त्याला वैद्यकीतलं काही कळत नव्हतं. पण स्वतःचा गुडघा घेऊन तो इतके दवाखाने फिरला होता की कुठल्या गोष्टीला डॉक्टर दचकतात, एवढं त्याला माहीत झालं होतं. घरी येऊन त्यानं बहिणीला सांगितलं, "सगळ्या गोळ्या पिशवीत घाल." आणि अर्ध्या तासात जीप उभी केली. बारामतीला दिग्विजयला फोन लावत बसला नाही. इंदापूरला एक डॉक्टरीणबाई होत्या, गुडघ्यासाठी तो त्यांच्याकडं जायचा, तिथंच थेट घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी आधी मांडी दाबली. झुंबरच्या तोंडून आवाज निघाला, आयुष्यात पहिल्यांदा, परक्या बाईसमोर. मग लघवी तपासायला घेतली, बाटली उजेडात धरली. मग पिशवी टेबलावर उपडी केली आणि गोळ्यांची पाकिटं एकेक बाजूला लावली. दोन पाकिटं हातात राहिली.

"या दोन्ही एकत्र चालू आहेत?"

"व्हय," छबूबाई म्हणाली. "तीन आठवडं झालं."

"याच्यानं स्नायू विरघळायला लागलेत. मांसाचा रंग लघवीतून चाललाय. किडनीवर आलं तर अवघड होईल. आत्ताच्या आत्ता दोन्ही बंद आणि आजच बारामतीला ॲडमिट व्हायचं." मग झुंबरकडं वळून त्या म्हणाल्या, "असं हजारात एखाद्याला होतं. पण होण्याआधी पाय सांगतात. महिनोन् महिने सांगत असतील. तुम्ही डॉक्टरांना बोलला नाहीत?"

झुंबर छताच्या पंख्याकडं बघत होता.

"मी बोलले," छबूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्ये म्हनले, माजं न्हाय दुखत, हिच्या भावाचं दुखत्यात."

भाऊ तिथंच होता, दाराला टेकून, एक पाय सैल सोडून. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग झुंबरकडं पाहिलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. झुंबरला वाटलं, आता हा हसेल. मी असतो तर हसलो असतो. सात गावांत सांगितलं असतं. पण जोतीराम हसला नाही. तो जीपवाल्याला थांबवायला बाहेर गेला.

बारामतीला सहा दिवस सलाईन चाललं. बाटल्यांमागून बाटल्या. लघवीचा रंग रोज कागदावर लिहून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी तो काळ्याचा तांबडा झाला, पाचव्या दिवशी पिवळा. किडनी वाचली. दिग्विजयला शोरूममधून सुट्टी मिळेना, सून मोना डबा पोचवायची, आणि खाली सतरंजी टाकून राहायला होता जोतीराम. सकाळी उठताना आधी तो पलंगाची दांडी धरायचा, मग गुडघा सरळ करायचा, मग उभा राहायचा. सहा दिवस झुंबरनं ते पडल्या पडल्या पाहिलं. याची नक्कल आपण करायचो ती चुकीची होती, हे त्याला दिसलं. तोंड वाकडं तो करतच नव्हता. कळ यायची तेव्हा उलट तोंड एकदम शांत व्हायचं.

चौथ्या दिवशी नर्सनं झुंबरला धरून चालवलं. दहा पावलांत तो भिंतीला टेकला. परत येऊन पलंगावर बसला आणि मेहुण्याला म्हणाला, "कर की माजी नक्कल. आता करायची न्हाय तर कवा?"

"मला न्हाय येत," जोतीराम म्हणाला. "माजा गुडघा दुखतो."

झुंबर सरकला आणि त्याला पलंगावर बसायला जागा केली. असं त्यानं फार वेळा केलं नव्हतं.

दिग्विजय तावातावानं हार्टच्या डॉक्टरांना जाब विचारायला गेला आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आला. डॉक्टरांनी त्याच्यापुढं फाईल ठेवली होती. दोन्ही तारखांना त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, पेशंटची तक्रार नाही. "त्यांनी इचारलं व्हतं, आबा. मी बी तितंच व्हतो की."

"इचारलं," झुंबर म्हणाला. "कागदाला इचारलं पयल्यांदा. दुसऱ्यांदा मला इचारलं आन मी खोटं बोललो. बायको खरं सांगत व्हती, तर तिला सोडून तिघं बापय हसलो. जा, काम बघ तुजं. त्या फायलीला आता पूजा घाल."

पायांत जीव यायला चार महिने लागले. पुरता आलाच नाही. मांड्या सुकल्या, धोतर कमरेशी दोन वेढे जास्त घ्यायला लागलं. बांध ओलांडता येतो, पोतं उचलता येत नाही. बाजाराला माल टेम्पोतून जातो आणि झुंबर ड्रायव्हरशेजारी बसून त्याच्या गाडी चालवण्यावर बोलत राहतो. तोंड मात्र कुठल्या गोळीनं विरघळलं नाही.

एक गोष्ट त्याला सगळ्यांत कडू लागली. डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांनी पुन्हा कोलेस्टेरॉलची गोळी काढली. तो खुर्चीतून उठायलाच निघाला होता.

"बसा," त्या म्हणाल्या. "एकच गोळी, तीही सगळ्यांत लहान. दर महिन्याला रक्त तपासायचं. हार्टला एकदा झटका आलाय, तो गोळीनं आलेला नव्हता. तुमचे पाय सांभाळून छाती सांभाळायची, तर मला तुमच्याकडून एकच गोष्ट पाहिजे. कुठं दुखतंय ते सांगायचं. दुखत नसेल तर तसं. पण खरं."

"आन न्हाय घेतली तर?"

"तर तसंही सांगा. मी लिहून ठेवते."

झुंबरनं बायकोकडं पाहिलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. या बाबतीत आता आपण बोलणार नाही, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं, आणि तेच त्याला जड गेलं. ती हटून बसली असती तर नाही म्हणायला सोपं होतं. त्यानं चिठ्ठी घेतली.

पुढच्या महिन्यात तो एकटाच एसटीनं इंदापूरला गेला. डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. "हं, सांगा."

त्यानं घसा साफ केला. आयुष्यात न केलेलं काम होतं. "उजव्या मांडीला," तो म्हणाला, "भायेरच्या अंगाला, सकाळचं ताणल्यावानी व्हतं. चाललं की जातं. हे लिवलं का? पोटरीत कायबी न्हाय. डाव्या खुब्यात परवा एकदा कळ आली, पर त्यो गोळीचा दोष न्हाय, मी टेम्पोतनं वाकडा उतरलो. तुमचा कंपाउंडर सुई टोचायला येडा हाय, ती जागा आजून दुखतीया, ते बी लिवा."

"आणखी?"

"तळपाय चांगलं हायेत."

त्या लिहीत होत्या. झुंबर टेबलावर पुढं वाकून, वाचता येत नसताना, त्यांचं अक्षर तपासत बसला. बाहेर बाकावर पाच-सहा माणसं खोळंबली होती, आतबाहेर बघत होती. त्यानं दाराकडं एक तुच्छ नजर टाकली आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.

"आता गुडघ्याचं," तो म्हणाला. "आधी उजवा घ्या."